घासलेलं मांजर

१

"सुहास, आमच्या मांजराचा खून झालाय. येतेस का?" पद्मजा फोनवर म्हणाली.

पद्मजाकडे मांजर नाही. तिच्या नवऱ्याकडे, हेमचंद्रकडे, एक आहे, पण ते तांब्याचं. मी कालच हॅलिफॅक्सहून लेकीकडून परतले होते, बॅगसुद्धा उघडली नव्हती. तशीच कोट चढवून निघाले. माझ्या घरापासून त्यांचं ओटावाच्या कनाटा उपनगरातलं घर गाडीने अगदी जवळ आहे, आणि तसंही मला कोणी बोलावलं नाही तरी मी जाते. आगाऊपणा हा माझा जन्मजात गुण आहे, नागपूरचं पाणी! ओटावातल्या एका विमा कंपनीत माझी हयात गेली. जळालेली गॅरेजं, चोरीला गेलेले दागिने, बेसमेंटमध्ये शिरलेलं पाणी, यातलं खरं किती आणि बनवाबनवी किती हे शोधून काढायचं, हेच माझं काम. रिटायर झाले तरी खोड जात नाही.

हेमचंद्रचा नाद असा. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात सुट्ट्या नाण्यांची इतकी टंचाई झाली, की दुकानदारांनी आपापली तांब्याची टोकनं पाडायला सुरुवात केली. मग काही खोडकर डोकी त्यावर राजाची आणि मंत्र्यांची टिंगल छापू लागली. व्यंगचित्रच म्हणा, फक्त कागदाऐवजी तांब्यावर. हेमचंद्रच्या बेसमेंटमध्ये लाकडी कपाट आहे, त्याच्या उथळ खणांत हिरव्या बनातीवर अशी टोकनं मांडलीत. कपाटाला कुलूप नाही. त्यातलं मांजर म्हणजे त्याचा जीव. एका बाजूला ऐटीत बसलेलं मांजर, भोवती अक्षरं, की या गुलामांच्या गर्दीत मी एकटं स्वतंत्र आहे. मागे एक डुक्कर, राजमुकुटावर पाय देऊन उभं.

हे मला तोंडपाठ आहे, कारण त्यांच्याकडे जेवायला गेलं की श्रीखंडाआधी मांजर येतं. हेमचंद्र ते कडेने धरतो, मांजर सरळ ठेवतो, पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवतो आणि म्हणतो, "बघा सुहासताई, डुक्कर कसं कलंडलंय! साचा हलला होता त्यांचा." आम्ही सगळे "अरे वा" म्हणतो आणि श्रीखंडाची वाट बघतो.

या खेपेला त्याने मला बेसमेंटमध्ये नेलं आणि एक छोटं पाकीट तळहातावर रिकामं केलं. मांजर वर तोंड करून पडलं. माझ्या तोंडून "बाप्पा!" निघालं.

दोनशे वर्षांनी चढवलेला तो सुंदर चॉकलेटी रंग साफ गेला होता. मांजर लालभडक, चकचकीत, जणू लग्नात रुखवतात मांडायला काढलंय.

"संपलं," हेमचंद्र म्हणाला. "तांबं घासलं की मेलं, सुहासताई. हा रंग परत येत नाही. या सोमवारी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, खण उघडला आणि हे दिसलं. त्यानंतर मी ते नीट बघितलेलंही नाही. बघवत नाही." त्याचे डोळे खरंच भरले होते. "व्हेरॉनिकाने केलं. पूजेची भांडी घासली, त्यात हेही घासून ठेवलं. येत्या सोमवारी मी तिला काढतोय."

२

व्हेरॉनिका वसईची. पद्मजाला स्ट्रोक आल्यापासून, उजवा हात आणि पाय गेल्यापासून, ती या घरात राहून तिचं सगळं करते. लिव्ह-इन केअरगिव्हर म्हणून आलेल्या बायकांना ठरलेली मुदत पुरी करावी लागते, मालकाने तसं सही करून द्यावं लागतं, मग कुठे पर्मनंट रेसिडेन्सीला अप्लाय करता येतं. तिची मुदत संपतच आली होती. लेक केझिया वसईला आजीजवळ राहून शाळेत जात होती. आता नुकसान करणारी बाई म्हणून हाकललं, तर नवी नोकरी शोधेपर्यंत तिची वेळ निघून गेली असती, आणि तिकडे पोर दाराकडे डोळे लावून बसली असती.

ती किचनमध्ये कणीक मळत होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"ताई, मी बारकी पोर आहे का? साहेबांच्या नाण्यांना मी डस्टरसुद्धा लावत नाही. मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं."

"पूजेची भांडी तू घासलीस?"

"हो. शनिवारी सत्यनारायण होता ना, म्हणून शुक्रवारी ताम्हन, तांब्या, पळी, सगळं चिंच-मिठाने घासलं. मॅडमनी बसल्याबसल्या शिकवलंय मला. रविवारी मी चर्चला गेले, तिथून मैत्रिणीकडे. सोमवारी इथे आरडाओरडा."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून साहेब म्हणाले, कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही. फक्त मॅडम आणि स्वयंपाक."

किचनच्या कोपऱ्यातच देवघर होतं. मी वाकून बघितलं. ताम्हनात पूजेच्या दिवशीचं एक वाळकं फूल पडलं होतं आणि ताम्हन काळवंडलं होतं. तांब्यावर तर हिरवट डाग. आठवडाभर कोणी हात लावला नव्हता, मग दुसरं काय होणार?

मी सरळ उभी राहिले, आणि तशीच थांबले. माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं होतं.

"व्हेरॉनिका," मी म्हटलं, "चिंच आहे का घरात?"

३

आधी घरातल्यांना विचारून घ्यावं म्हणून मी पद्मजाच्या खोलीत गेले. ती खिडकीशी व्हीलचेअरमध्ये बसली होती. स्ट्रोकनंतर ती सावकाश बोलते, पण जीभ तशीच तिखट आहे.

"मीच केलं असं म्हणाले असते गं," ती म्हणाली. "तेवढ्याने ती पोरगी सुटली असती. पण डाव्या हाताने मला धड चमचा धरता येत नाही, नाणं कुठलं घासते! हेमचंद्रला सांगितलं, की व्हेरॉनिका खोटं बोलणार नाही. ऐकत नाही. त्या मांजरापायी वेडा झालाय. आणलं तेव्हा महिनाभर प्लास्टिकच्या डबीत घालून खिशात घेऊन हिंडायचा. झोपतानासुद्धा. मी म्हटलं, मला नाही कधी असं जपलंस."

"सगळे कलेक्टर असेच का?"

"सगळे. त्याचे ते नाणीवाले दोस्त, प्रतापराव, नवीन खेळणं आलं की त्यांचंही तेच."

मग शंतनु. हेमचंद्र-पद्मजाचा मुलगा, टेक पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. पूजेला आला होता आणि सगळ्यांदेखत म्हणाला होता, की बाबा, हा सगळा जंक विकून टाका आणि कॉन्डो घ्या, आईला जिने नकोत. म्हणजे राग होता. शिवाय गॅरेजमध्ये फडताळावर मला त्याची मेटल पॉलिशची बाटली दिसली. तो विंटर टायर्स बदलायला आला होता, तिथेच गाठला.

"आँटी, सिरियसली? यू थिंक आय डिड इट?"

"बाटली तुझी ना?"

"गाडीच्या रिम्ससाठी घेतली. नेव्हर ओपन्ड इट. बघा ना."

मी बघितलं. झाकणावरचं सील जसंच्या तसं होतं. मी ते त्याच्यासमोर फोडलं आणि बाटली पर्समध्ये टाकली.

"अहो! दॅट्स माइन!"

"उद्या देते. आणि मला सांग, पूजेच्या दिवशी बेसमेंटमध्ये कोण गेलं होतं?"

"कोणी नाही. सगळे वर कथेला होते. ओन्ली प्रताप अंकल. ते कथेला कधी बसत नाहीत, यू नो. ते खाली नाणी बघत बसतात आणि प्रसादाला वर येतात. एव्हरी टाइम."

४

प्रतापरावांना मी टिम्स या कॉफीच्या दुकानात भेटायला बोलावलं. ते आणि हेमचंद्र जुने दोस्त. प्रतापराव आधी कॅनडात आले, शहराच्या दुसऱ्या उपनगरात, बॅरहेवनला, एकटे राहतात. हेमचंद्रची टेलिकॉममधली नोकरी गेली तेव्हा त्याला दुसरी लावून दिली ती यांनीच. शिवाय टोकनांचा नाद लावला तोही यांनीच. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी हेमचंद्रला एक टोकन भेट दिलं, ज्याने मांजराचं पाडलं त्याच माणसाने पाडलेलं, कुत्र्याचं. त्यावर लिहिलंय, की उपकार फार झाले की माणूस गुलाम होतो. तेव्हा सगळे हसले होते. पण मांजर मात्र हेमचंद्रला टोरंटोच्या लिलावात मिळालं आणि प्रतापरावांचं हुकलं. गेली कित्येक वर्षं ते अदलाबदल मागत होते. हेमचंद्रने बाकी काहीही मागा म्हटलं, मांजर दिलं नाही.

काउंटरवर पैसे देताना त्यांचा हात आधी कोटाच्या आतल्या खिशावर गेला, तिथे थबकला, मग मागच्या खिशातून पाकीट निघालं.

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "आता बाईमाणसाला काय कळणार? तांबं दिसलं की चिंच! आपल्याकडची सवयच ती. मी हेमूला म्हटलं, तू बघू नकोस, उगाच त्रास. उद्या दुपारी येऊन घेऊन जातो. टोरंटोला एक ओळखीचा आहे, काही करता येतं का बघेल."

"म्हणजे उद्यापासून ते तुमच्याकडे?"

"त्याच्या डोळ्यांसमोरून तरी जाईल."

टिम्समध्ये हीटर फुल होता, मी कोट काढून खुर्चीला टांगला होता. माणूस घामाने डबडबला होता तरी त्यांनी कोटाची चेनसुद्धा उघडली नाही.

मी कॉफी संपवली. एव्हाना मला खात्री पटली होती. पण माझी खात्री कोणाच्या उपयोगाची? ज्या माणसाच्या उपकारांवर आपण खातोपितो असं हेमचंद्र मानतो, त्याच्यावर बोट ठेवायचं तर त्याच्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं. आणि उद्या दुपारी पुरावा बॅरहेवनला निघून जाणार होता.

मी परत हेमचंद्रकडे गेले. पर्समधून दोन जुन्या तांब्याच्या पेनी काढल्या. एक व्हेरॉनिकाकडून चिंच-मिठाने घासून घेतली, अगदी ताम्हन घासते तशी. दुसरी मी शंतनुच्या पॉलिशने चमकवली. दोन्ही हेमचंद्रच्या त्याच खणात, मांजराच्या शेजारी ठेवल्या.

"हे काय?" तो वैतागून म्हणाला.

"दोन पाहुणे. उद्यापर्यंत राहू दे."

५

शनिवारी दुपारी आम्ही सगळे त्यांच्या डायनिंग टेबलाभोवती होतो. पद्मजा व्हीलचेअरमध्ये, शंतनु दाराला टेकून, व्हेरॉनिका किचनच्या उंबऱ्यावर. प्रतापराव कोट घालूनच बसले होते. हेमचंद्रने मांजराचं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं.

मी ते मध्येच उचललं. "एक मिनिट. आधी मला खण आण."

हेमचंद्रने खण आणला. दोन पेनी बनातीवर होत्या. पॉलिशची लखलखत होती. चिंचेची विटली होती, मध्ये तपकिरी डाग धरला होता.

"पद्मजा, ही अशी का झाली?"

"इश्श, त्यात काय!" पद्मजा म्हणाली. "चिंचेचा उजळा टिकतो का कधी? आज घासा, उद्या पाणी फिरतंच. म्हणून तर दर सणाला घासावं लागतं."

"व्हेरॉनिका?"

"हो ताई. नेहमीच."

"आता देवघरातलं ताम्हन बघा. शुक्रवारी घासलेलं, आज काळं. आणि हे मांजर! त्याच दिवशी, त्याच हातांनी, त्याच चिंचेने घासलं म्हणता ना? मग आठवडा उलटून गेला तरी नवरीसारखं चमकतंय कसं?" मी ते टेबलावर ठेवलं. "ही चिंच नाही. हे बाटलीतलं पॉलिश आहे. या घरात एकच बाटली होती, तिचं सील काल मी फोडलं. म्हणजे हे या घरात घासलेलंच नाही. ज्याने घासलं त्याला एवढं माहीत होतं, की मराठी घरात तांबं चिंचेने घासतात आणि आळ बाईवर जाईल. पण ते लगेच विटतं हे माहीत नव्हतं. म्हणजे जन्मात कधी ताम्हन घासलेलं नाही. पुरुष, दुसरं कोण!"

शंतनु खुदकन हसला. हेमचंद्र नाही हसला.

"पण कशासाठी?" तो म्हणाला. "घासून कोणाला काय मिळालं?"

"हाच प्रश्न मी विचारत होते. विमा कंपनीत एक गोष्ट शिकले. रिकामं गॅरेज जाळतात, आणि मग सांगतात आत गाडी होती. आग असते ती काहीतरी लपवायला. तुझ्या मांजराचा रंग, त्याची प्रत्येक छटा तू डोळे मिटून ओळखतोस. दुसरं कुठलं मांजर कोणी तिथे ठेवलं असतं तर तू अंधारातही ओळखलं असतंस. मग काय करायचं? रंगच काढून टाकायचा. तू रडत बसशील, नीट बघणार नाहीस. आणि वर कोणी मायेने म्हणालं, बघू नकोस, मी घेऊन जातो, तर कधीच बघणार नाहीस."

मी ते टोकन हेमचंद्रपुढे सरकवलं.

"हेमचंद्र, श्रीखंडाआधी आम्हाला जे करून दाखवतोस ना, ते कर."

त्याने टोकन कडेने धरलं. मांजर सरळ केलं. पान उलटावं तसं फिरवलं.

डुक्कर ताठ, सरळ उभं होतं.

"कलंडलेलं नाही," तो पुटपुटला. मग ओरडलाच, "कलंडलेलं नाही! पद्मजा, हे आपलं मांजर नाही! आपलं मेलं नाही!"

माझे डोळे मात्र प्रतापरावांवर होते. त्यांच्याही नकळत त्यांचा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशावर जाऊन बसला होता, चिमणीने पिल्लावर बसावं तसा. पद्मजानेही ते पाहिलं.

"प्रतापराव," ती सावकाश म्हणाली, "आमच्या घरात इतकं गरम होतंय. कोट काढा की."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी चेन खाली ओढली, आतून प्लास्टिकची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत ते होतं, चॉकलेटी, शांत, ऐटीत बसलेलं.

"मी तुझ्या आधीपासून शोधत होतो, हेमू," ते म्हणाले. "सरळ डुकराची बाजारात मिळतात, तसलंच एक आणून घासलं; कलंडलेलं हे एवढं एकच. तुला हे माझ्यामुळे माहीत झालं. नोकरी माझ्यामुळे, नाद माझ्यामुळे. एक मांजर दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"आणि ती?" हेमचंद्रने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "तिची लेक तिकडे वाट बघतेय. तिचं काय बिघडलं असतं, ते माहीत होतं तुला?"

प्रतापरावांनी नजर टेबलाकडे वळवली. माहीत होतं, हे तेवढ्यावरूनच कळलं. मला इतका संताप आला, की मी पॉलिशची बाटली शंतनुच्या हातात दिली. माझ्याजवळ ठेवली असती तर फेकून मारली असती.

हेमचंद्र खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या हातात ते कुत्र्याचं टोकन होतं. त्याने ते प्रतापरावांच्या पुढ्यात ठेवलं, शेजारी ते घासलेलं मांजर.

"दोन्ही घेऊन जा. नोकरीचे उपकार मी मानतो, मरेपर्यंत मानीन. पण आजपासून लांबून."

दार लागल्याचा आवाज आला. बाहेर गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला.

६

हेमचंद्र व्हेरॉनिकासमोर जाऊन उभा राहिला. डबीतलं मांजर त्याच्या हातातच होतं.

"व्हेरॉनिका, मी... तू म्हणशील ते. मी तुला चोर नाही म्हटलं, पण त्याहून वाईट म्हटलं. मला माफ कर."

"साहेब, माफी देईन. देव सांगतो म्हणून द्यावी लागते," ती म्हणाली. "आधी सही द्या."

त्याने तिथेच, तिच्यासमोर, तिची मुदत पुरी झाल्यावर द्यायच्या कागदावर काय लिहायचं ते शंतनुला टाइप करायला बसवलं. प्रामाणिक, विश्वासू, घरच्यासारखी, असं काय काय सांगत सुटला. शंतनु म्हणाला, "बाबा, इट्स अ लेटर, नॉट अ पोवाडा." पद्मजा इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि व्हेरॉनिका पाणी घेऊन धावली.

मला वाटलं झालं. मी कोट घालत होते. तेवढ्यात व्हेरॉनिका देवघराशी गेली, ते काळं पडलेलं ताम्हन आणि तांब्या उचलून आणला, सिंकमध्ये ठेवला आणि शेजारी चिंचेची वाटी ठेवली.

"साहेब, मला कशाला हात लावायचा नाही असं तुम्ही सांगितलंय. ते मी पाळणार आहे. आता दर सणाला हे तुम्ही घासायचं."

हेमचंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याने पद्मजाकडे पाहिलं.

"मीठ जरा जास्त घे," पद्मजा म्हणाली. "आणि कडेपासून सुरुवात कर."

त्याने बाह्या वर केल्या. मांजर खिशात टाकलं आणि नळ सोडला.